मोडीत निघालेला संगणक आणि आपली मुले

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीची नियमित देखभाल थांबविली. आपल्या घरांत त्या दिवशी नेहमीसारखीच चूल पेटली आणि नेहमीचीच लोकल पकडली गेली. ही बातमी आपल्यासाठी नाही, असेच बहुतेकांना वाटले असेल. पण वाचक बंधुभगिनींनो, ती आपल्या वस्तीचीच बातमी आहे. कशी, ते सांगतो.

पुढची प्रणाली, म्हणजे ‘विंडोज ११’, साधारण २०१७-१८ पूर्वी तयार झालेल्या बहुतेक यंत्रांवर कंपनी अधिकृतपणे चालू देत नाही. यंत्र धडधाकट असते, पडदा उजळतो, कळा चालतात. तरीही ते ‘जुने’ ठरते. मग कचेऱ्या, शाळा आणि कंपन्या असे संगणक मोडीत काढतात. भंगारवाला ते किलोवर उचलतो.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. बारावी झालेली मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलच्या चार बोटांच्या पडद्यावर भरते. जातीचा दाखला अपलोड करताना त्याचा आकार कमी करावा लागतो, तो तिला करता येत नाही. मग सायबर कॅफेत पैसे मोजून दुसऱ्याच्या हाताने अर्ज भरला जातो, त्यात नावाची वेलांटी चुकते आणि अर्ज परत येतो. महाडीबीटीचा अर्ज असो, स्वाधार योजना असो, प्रवेशाच्या फेऱ्या असोत की नोकरभरती असो, सर्व काही आता संगणकावर चालते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठीत मिनिटाला तीस शब्दांची गती लागते. ती मोबाईलवर अंगठ्याने येत नाही. त्यासाठी कळफलकावर दहा बोटे बसावी लागतात, आणि त्यासाठी रोज तासभर तरी संगणक मिळावा लागतो.

एका बाजूला चालू संगणक भंगारात जातो आणि दुसऱ्या बाजूला आपले मूल संगणकावाचून मागे राहते. या दोन टोकांना जोडणारा एक छोटा गट कल्याण पूर्वेकडील आमच्या वस्तीत, विहाराच्या मागच्या खोलीत उभा राहिला आहे. तो कसा उभा राहिला, कोठे अडला आणि त्यातून काय शिकायला मिळाले, हे समाजबांधवांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

संगणक कशाचा बनतो, आणि कोठे मरतो

संगणक ही स्वच्छ वस्तू आहे असे आपल्याला वाटते. धूर नाही, आवाज नाही. पण त्याच्या पोटात तांबे, ॲल्युमिनियम, कथील, थोडे सोने, आणि त्याबरोबर विषही असते. जुन्या जाड पडद्यांच्या काचेत शिसे असते. जुन्या चपट्या पडद्यांच्या मागील दिव्यांत पारा असतो. हे सारे खाणीतून काढायचे, शुद्ध करायचे, त्यापासून चिप घडवायची, यात पाणी आणि वीज अफाट खर्च होते. लॅपटॉपसारख्या यंत्राच्या बाबतीत तर त्याच्या साऱ्या आयुष्यात हवेत जो कार्बन सोडला जातो, त्यातला मोठा वाटा यंत्र तयार होतानाच सोडला गेलेला असतो. याचा अर्थ साधा आहे. आहे तो संगणक चार वर्षे अधिक वापरणे हीच सर्वांत मोठी बचत होय.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. असा कचरा करणाऱ्या देशांत चीन आणि अमेरिका यांच्यामागोमाग आपल्या भारताचा क्रमांक लागतो.

मग बाकीचा कचरा जातो कोठे? दिल्लीच्या सीलमपूरला जातो, मुरादाबादला जातो, आपल्या मुंबईत कुर्ला-साकीनाक्याच्या भंगार गल्ल्यांत जातो. तेथे उघड्यावर तारा जाळून तांबे काढतात. प्लास्टिकच्या त्या धुरातून डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात. सर्किटच्या पट्ट्या तेजाबात बुडवून सोने काढतात आणि उरलेले तेजाब गटारात सोडतात. हे काम कोणाचे हात करतात? दलितांचे, गरीब मुसलमानांचे, परप्रांतातून पोटासाठी आलेल्यांचे, बायकांचे आणि पोरांचे. मेलेले ढोर ओढण्याचे काम आपल्या पूर्वजांच्या माथी मारले होते. आज मेलेले यंत्र ओढण्याचे काम पुन्हा त्याच थरातील माणसांच्या वाट्याला आले आहे. घाण एकाची आणि हात दुसऱ्याचे, ही जातिव्यवस्थेची जुनीच रीत आहे. म्हणून हा विषय नुसता पर्यावरणाचा नाही, तो आपल्या चळवळीचाही आहे.

“ही उतरण विहारात नको!”

गटाची पहिली बैठक बोलावली तेव्हा वाटले होते की जागेची किंवा पैशाची अडचण निघेल. निघाली ती वेगळीच. गिरणीत फिटर म्हणून आयुष्य काढलेले आमच्या वस्तीतील एक ज्येष्ठ उपासक, ज्यांना लहानथोर सारेच ‘काका’ म्हणतात, उठून उभे राहिले.

“अरे पोरांनो, आमच्या आईबापांनी गावकीची उतरण अंगावर घातली. शिळे तुकडे मागून आणले. बाबासाहेबांनी महाडला सांगितले, हे सोडा. आम्ही सोडले. आता तुम्ही साहेबलोकांच्या कचेरीतले टाकलेले डबे विहारात आणणार, आणि आपल्या लेकरांना म्हणणार, घ्या तुमचा संगणक?”

महिला मंडळाच्या एक ताई म्हणाल्या, “काका, मग नवे घ्यायला पैसे कोठून आणायचे?”

“बाई, पैसे नव्हते म्हणूनच तर आम्ही उतरण घेत होतो ना!”

सभा गप्प झाली. काकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि दुसऱ्यांनी टाकलेले तुकडे सोडण्याचा निर्धार करा, असे आपल्या लोकांना बजावले होते. ती आपल्या स्वाभिमानाची पायाभरणी आहे. फुकट मिळते म्हणून ती उखडायची काय? बैठक तशीच संपली. एकही निर्णय झाला नाही.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर बौद्धाचार्यांनी विनयपिटकातील एक प्रसंग सांगितला. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंद थेरांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला नवल वाटले. एवढी वस्त्रे घेऊन हा भिक्खू कापडाचे दुकान काढणार की काय? त्याने येऊन विचारले, इतक्या चीवरांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्खूंना वाटून देऊ. मग विरलेल्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरचे अंथरूण. त्याचे पायपुसणे, पायपुसण्याचे धूळ झटकायचे फडके, आणि फडके फाटले की त्याच्या चिंध्या मातीत कालवून जमीन सारवू. राजाची खात्री पटली की येथे काही वाया जात नाही. त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

प्रवचनानंतर काका बराच वेळ बसून होते. मग म्हणाले, “आनंदाने मागून घेतले नाही, आणि राजाने विचारले तेव्हा मान खाली घातली नाही. हिशेब दिला. तुम्ही हिशेब देणार असाल तर मी आहे.”

आमच्या गटाचा पाया या एका वाक्यावर बसला. उतरण आणि साधन यांत फरक काय, याचा निकाल त्या दिवशी लागला. उतरण देणाऱ्याच्या मर्जीने येते आणि घेणाऱ्याला लहान करते. जी वस्तू आपण पारखून घेतो, नको असेल तर नाकारतो, आपल्या हाताने दुरुस्त करतो आणि ज्याची रीतसर पावती देतो, ती आपले साधन होते. त्यानुसार चार नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

पहिला नियम : देणाऱ्या कचेरीला किंवा माणसाला लेखी पावती दिली जाईल, फोटो, हारतुरे, हस्तांतराचा समारंभ होणार नाही.

दुसरा : तपासल्याशिवाय काहीही घेतले जाणार नाही. दुरुस्त न होणारे यंत्र जागच्या जागी नाकारले जाईल. आपले विहार कोणाची कचराकुंडी नाही.

तिसरा : गट खरेदी-विक्री करणार नाही.

चौथा : तारा जाळणे, तेजाब वापरणे, बॅटरी फोडणे कोणत्याही कारणाने होणार नाही.

वर्गणी, वेळ आणि वही

गट सुरू करायला फार मोठी सामग्री लागत नाही. आम्ही सातजण होतो. एक आयटीआय झालेला तरुण, एक मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा, महिला मंडळाच्या दोघी, काका, एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आणि हिशेबाला आम्ही. वर्गणी दरमहा ५० रुपये ठरली. वेळ रविवारी दुपारी तीन ते सहा. दुपारची वेळ महिलांच्या सूचनेवरून ठेवली, कारण सकाळी घरचे काम आटोपत नाही आणि संध्याकाळी पाणी येते.

वह्या दोन ठेवल्या. एक पैशाची, एक यंत्रांची. यंत्रांच्या वहीत प्रत्येक संचाला क्रमांक दिला. कोठून आला, कधी आला, काय बिघाड होता, कोणता भाग बदलला, खर्च किती, आता कोणाकडे आहे, हे सर्व त्यात लिहिले जाते. महिन्याच्या पौर्णिमेला दोन्ही वह्या वंदनेनंतर सर्वांपुढे वाचून दाखवितात. आपल्या संस्था पैशावरून कमी फुटतात, हिशेब न वाचल्यावरून जास्त फुटतात, हा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे.

हत्यारे साधीच घेतली. पेचकसांचा संच, मल्टिमीटर, रंगाचा नवा ब्रश, हवा मारण्याचा ब्लोअर आणि डाख देण्याची इस्त्री. सुटे भाग ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. पहिल्या खेपेस तेथे तिघे मिळून जावे, भाव चार दुकानांत विचारावा आणि बिल घ्यावे.

बिघाड बहुधा लहानच असतो

पहिल्या खेपेस नऊ संच तपासले, सहा घेतले, पाच चालू झाले. या पाचांनी जे शिकविले ते कोणत्याही वर्गात कळले नसते.

एक लॅपटॉप ‘इंटरनेट चालत नाही’ म्हणून काढून टाकला होता. प्रत्यक्षात त्याच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा बटणसेल संपला होता. सेल संपला की संगणकाची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेची व सरकारी संकेतस्थळे सुरक्षिततेच्या कारणाने उघडत नाहीत. दुरुस्ती एका सेलची, आणि त्यासाठी सारे यंत्र भंगारात! दोन संच आपोआप बंद पडत होते. उघडले तर पंख्यात धुळीची गोधडी. काकांनी पंखा सोडवून साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, यंत्र थंड झाले. “गिरणीत साचा गरम झाला की आधी कापूस काढायचा, मग बाकीचे बघायचे,” असे ते म्हणाले. चौथा आणि पाचवा नुसते मंद होते. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसविली आणि रॅम चारची आठ जीबी केली. सुरू व्हायला जेथे पाच-पाच मिनिटे लागत तेथे आता मिनिटही लागत नाही. जुन्या संगणकावर पैसा घालायचाच असेल तर पहिला पैसा एसएसडीवर घालावा.

यंत्र आल्याबरोबर त्यातील जुनी माहिती पूर्ण पुसणे हे पहिले काम होय. कोणाचे पॅनकार्ड, कोणाचा पगार, कोणाचे कौटुंबिक फोटो त्यात असतात. ते पाहणेही बरे नव्हे. सारी डिस्क पुसली, तशी नोंद वहीत केली, की मगच पुढचे काम.

दुसरे शील आणि लिनक्स

आता प्रश्न आला प्रणालीचा. बाजारात कोणीही शंभर-दोनशे रुपयांत चोरीची विंडोज टाकून देतो. आपल्यातील कित्येकांना ती चोरी आहे हेही माहीत नसते. विहारात रोज पंचशील घेतले जाते. न दिलेले घेणार नाही, हे त्यातील दुसरे शील. ज्या खोलीत ते म्हणायचे त्याच खोलीत चोरीची प्रणाली चढवायची काय? बैठकीत याला एकमताने नकार मिळाला.

मार्ग होता लिनक्सचा. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहावयास घेतला, आणि नंतर जगभरच्या हजारो लोकांनी तो वाढविला. तो कोणालाही घेता येतो, वाटता येतो, बदलता येतो. एका पेनड्राइव्हवरून दहा यंत्रांवर चढविला तरी चोरी होत नाही, कारण तो दिलेलाच आहे. डेबियन, लिनक्स मिंट असे त्याचे अनेक प्रकार आहेत. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही ‘बॉस’ नावाचा प्रकार तयार केला आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर कितीतरी वर्षे मुले मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आहेत. जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रावर हलकी लिनक्स सुरळीत चालते आणि तिच्या सुधारणा फुकट मिळत राहतात.

तिच्यात लिब्रेऑफिस येते. त्यात पत्र लिहा, हिशेबाचे तक्ते मांडा, बायोडाटा तयार करा. मराठीसाठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक आधीच असतो, वेगळा फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही. पीडीएफ वाचण्यासाठी ‘ऑक्युलर’ नावाची एक प्रणाली आहे. जर्मनीत पर्यावरणपूरक वस्तूंना ‘ब्लू एंजल’ हे सरकारी चिन्ह देतात. २०२२ मध्ये संगणक-प्रणालींतून ते पहिल्यांदा ऑक्युलरला मिळाले. निदान पाच वर्षे जुन्या यंत्रावरही प्रणाली चालली पाहिजे, अशी त्याची एक अट आहे. आमच्या गटात या ऑक्युलरवर मुले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड वाचतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले हे जाडजूड खंड सगळे विकत घेणे आपल्या पगारात जमत नाही आणि दहा बाय दहाच्या खोलीत ते मावतही नाहीत. जुन्या लॅपटॉपवर मात्र ते मावले.

सगळेच गोड आहे असे सांगणार नाही. वाणिज्य शाखेच्या मुलांना टॅली शिकावी लागते, ती लिनक्सवर सरळ चालत नाही. एमएस-सीआयटीच्या आणि टंकलेखनाच्या बहुतेक वर्गांत विंडोजच असते. परीक्षेला कोणता कळफलक आहे हे आधी विचारून सराव करावा लागतो. म्हणून विंडोज ११ चालू शकेल असा एक संच, रीतसर परवान्याचा, गटाने वेगळा ठेवला आहे. ज्याची परीक्षा जवळ, त्याचा नंबर आधी.

विजेचा हिशेब

वाणिज्य शिकलेल्या माणसाला आकड्यांशिवाय चैन पडत नाही, म्हणून हाही हिशेब मांडतो. टेबलावरचा संगणक आणि पडदा मिळून सुमारे १०० वॅट धरू. दिवसाला चार तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे १० युनिट होतात. लॅपटॉप सुमारे ३० वॅट धरला तर त्याच वापरात ३ युनिट. प्रत्येक संचामागे महिन्याला ७ युनिट वाचतात, सहा संचांमागे ४२. विहाराचे वीजबिल वर्गणीतून भरले जाते, तेव्हा हा फरक छोटा नाही. म्हणून आम्ही शक्यतो लॅपटॉपच घेतो. बॅटरी बाद झालेली असली तरी तो थेट विजेवर चालतो. काम झाले की बटण भिंतीवरून बंद करायचे, हा नियम छोट्या मुलांनी आमच्यापेक्षा कडक पाळला आहे.

लॅपटॉप गहाण पडला तेव्हा

परीक्षेच्या काळात दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांना लॅपटॉप घरी नेऊ द्यावा, असे ठरले. ग्रंथालयाच्या पुस्तकासारखे, सहीवर, अनामत न घेता.

तिसऱ्याच महिन्यात एक लॅपटॉप परत आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की त्या मुलीची आई दवाखान्यात होती, आणि वडिलांनी तो एका दुकानदाराकडे ठेवून पैसे उचलले होते. बैठकीत आवाज चढले. कोणी म्हणाले नाव फलकावर लावा, कोणी म्हणाले घरी लॅपटॉप देणेच बंद करा. मुलगी दाराशी उभी राहून रडत होती.

महिला मंडळाच्या ताई म्हणाल्या, “त्या दादांनी दारू प्यायला ठेवला नाही, बायकोच्या औषधाला ठेवला. आपल्याला का नाही सांगितले, ते विचारा. आपण फक्त यंत्र वाटतो आणि माणसाकडे बघत नाही, असे त्यांना वाटले असेल तर?”

वर्गणीतून पैसे भरून लॅपटॉप सोडवून आणला. वडिलांनी ते हप्त्याहप्त्याने परत केले, शेवटचा हप्ता द्यायला ते स्वतः आले. नियमांत पाचवा नियम वाढला : घरात अडचण आली तर आधी गटाला सांगावे. नाव मात्र फलकावर लागले नाही. मुलीने टंकलेखनाचा सराव पुढे चालू ठेवला आहे, आणि आता लहान मुलींना दहा बोटे बसविण्याचे काम तीच करते.

संगणक दुरुस्त करणे त्यामानाने सोपे असते. गरीब वस्तीत एखादी वस्तू सर्वांची म्हणून टिकवायची तर माणसे सांभाळावी लागतात. आमच्या मते असा गट टिकतो किंवा मोडतो तो येथेच.

जे दुरुस्त होत नाही त्याचे काय

सहावा संच चालू झाला नाही. त्याची रॅम, पंखा, कळफलक काढून काकांच्या पेटाऱ्यात ठेवले, ते पुढे दुसऱ्या यंत्रांना उपयोगी पडले. आनंद थेरांच्या चीवराचा हाच न्याय. पण शेवटी जे उरते ते मातीत कालवता येत नाही, हाही फरक ध्यानात ठेवला पाहिजे. चीवराने जमीन सारवता येते, संगणकाने जमीन नासते.

केंद्र सरकारचे ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम २०२२ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. आपण विकलेल्या मालाच्या प्रमाणात ई-कचऱ्याचा पुनर्वापर करवून घेण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे, आणि पुनर्वापराचा धंदा करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आहे. म्हणून उरलेला माल आम्ही नोंदणीकृत संस्थेलाच देतो आणि तिची पावती वहीला चिकटवितो. भंगारवाला चार पैसे देतो, येथे कित्येकदा काहीच मिळत नाही. पण त्या चार पैशांसाठी कोठल्यातरी गल्लीतले आपल्यासारख्याच घरचे पोर तारा जाळते, हे कळल्यावर ते पैसे नको वाटतात.

बॅटरीबद्दल विशेष सूचना. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्ज करू नये. ती पेट घेते. ती काढून, पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवून, मुलांच्या हातापासून दूर, लवकरात लवकर योग्य ठिकाणी पोहोचती करावी. जुने चपटे पडदे फोडू नयेत, त्यातला पारा श्वासातून जातो.

आपल्या विहारात सुरुवात कशी करावी

दुरुस्तीसाठी लोकांनी एकत्र बसणे ही कल्पना नवी नाही. नेदरलँड्समधील मार्टिन पोस्टमा या बाईंनी २००९ मध्ये ॲमस्टरडॅम शहरात ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मोडक्या वस्तू आणायच्या आणि जाणकारांबरोबर बसून दुरुस्त करायच्या, एवढीच ती कल्पना होती. ती अनेक देशांत पसरली. पण आपल्याला त्याआधीचीही परंपरा आहे. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहे आणि वाचनालये होती. त्या काळी ज्ञानाचे दार पुस्तकाने उघडत होते. आज त्याच दाराला संगणकाचीही एक कडी आहे. ती आपल्या मुलांच्या हातात असावी.

ज्या वस्तीत असा गट सुरू करायचा असेल तेथे प्रथम पाच माणसे जमवावीत, त्यांत निदान दोन महिला असाव्यात. आठवड्याचा एकच दिवस ठरवावा आणि तो चुकवू नये. पहिल्या महिन्यात बाहेरचे काही आणू नये. वस्तीतल्याच घरांतील बंद पडलेले संगणक दुरुस्त करावेत. त्यातून हात बसतो आणि विश्वास बसतो. दुसऱ्या महिन्यात आपल्या ओळखीच्या एखाद्या कचेरीला पत्र द्यावे, तीन-चार संचच मागावेत, तपासून घ्यावेत. तिसऱ्या महिन्यात मुलांच्या सरावाचे वेळापत्रक लावावे. त्यात मुलींच्या वेळा आधी भराव्यात, कारण उरलेली वेळ मुलांना आपोआप मिळते आणि मुलींना मिळत नाही. पैशाची आणि यंत्रांची वही मात्र पहिल्या दिवसापासून असावी.

संख्या वाढविण्याची घाई करू नये. आमच्याकडे आज वापरात असलेले संच अकराच आहेत. पण त्या अकरांपैकी प्रत्येक कोठून आला, कोणी उघडला, कोणी जोडला आणि आज त्यावर कोण बसते, हे सारे वस्तीतल्या कोणालाही विचारा, वही न उघडता सांगतील.

येत्या वर्षावासात विहारांतून प्रवचनांबरोबर एखादा रविवार या कामासाठी राखून ठेवता आला तर पाहावे. खोली आपल्याकडे आहे, हात आपल्याकडे आहेत, आणि मुले तर वाट पाहत बसलीच आहेत.

जय भीम!